तिकिटांची झूल: जुन्या पोस्टाच्या तिकिटांची हस्तकला आणि त्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळा तोंडावर आला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे पालक आणि शिक्षक आम्हाला तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. हस्तकला साधी आहे. पुठ्ठ्याचा बैल कापायचा आणि त्याच्या पाठीवरची झूल वापरलेल्या पोस्टाच्या तिकिटांची करायची. खाली आणखी एक प्रकारही दिलाय, पण पोरांचा जीव बैलातच अडकतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तिकीट म्हणजे रंगीत कागदाचा कपटा नव्हे. चिकटवण्याआधी पोराने ते वाचलं पाहिजे: चित्र कशाचं, किंमत किती, शिक्का कुठला. तेवढी सवड नसेल तर सरळ घोटीव कागद आणा. झूल जास्त सुबक होईल आणि कामही लवकर उरकेल.

हे कोणत्या वयाच्या मुलांना जमतं?

दुसरीपासून सातवीपर्यंत मजेत जमतं. तिकिटं भिजवणं आणि सोडवणं तिसरी-चौथीच्या पुढच्या पोरांनी करावं. बालवाडी-पहिलीच्या हातात वाळलेलंच तिकीट द्यावं. ओल्या तिकिटाला धीर लागतो, आणि पाच वर्षांच्या पोराकडे तो नसतो. तोंडात काहीही घालणारं बाळ घरात असेल तर ताटली उंचावर ठेवा. तिकीट जिभेने ओलं करायची जुनी सवयही आजोबांनी निदान पोरांसमोर तरी आवरावी.

आता पत्रं येतातच कुठं? तिकिटं आणायची कुठून?

नवी पत्रं येत नाहीत, पण जुनी अजून संपलेली नाहीत. सुरुवात घरातल्या पत्र्याच्या पेटीपासून करा. राखीची पाकिटं बहुतेक घरांत सापडतात, कारण बहिणीचं पाकीट फेकायला कुणाचा हात धजत नाही. भुसावळला रेल्वेतल्या माणसांच्या घरी देशभरातल्या शिक्क्यांची पाकिटं निघतात. बदलीची नोकरी, म्हणजे पत्रव्यवहार आलाच.

घराबाहेरचा मोठा साठा व्यापाऱ्यांकडे असतो. जुन्या जिनिंग (कापसातून सरकी काढायचे कारखाने), अडत दुकानं, वकिलांची ऑफिसं, पतपेढ्या यांच्या माळ्यावर पाकिटं टाचलेल्या फायली पडून असतात. आधी मोठ्या माणसाने बोलून ठेवावं, मग पोरांना न्यावं. पोरांनी विचारायचं ते एवढंच: "काका, रद्दीत जाणाऱ्या पाकिटांवरची तिकिटं आम्ही घेऊ का?" त्यातलं "रद्दीत जाणाऱ्या" विसरायचं नाही. चालू फायलीला हात लावायचा नाही. पाकिटात पत्र निघालं तर ते न वाचता मालकाला द्यायचं. पावतीवरचं रसीद तिकीट, कोर्टाच्या किंवा जमिनीच्या कागदावरचं तिकीट ही पोस्टाची तिकिटं नव्हेत. ती कागदासकट जिथल्या तिथे राहू द्यावीत.

बँका आणि कंपन्यांच्या अलीकडच्या पाकिटांवर तिकीट नसतंच, यंत्राचा लाल ठसा नाहीतर बारकोडची चिठ्ठी असते. तो गठ्ठा उपसण्यात वेळ घालवू नका. संग्राहकांच्या दुकानात वापरलेल्या तिकिटांची मिसळ पाकिटंही मिळतात. पण त्यात बैलाच्या झुलीला पुरेल एवढी आपल्याकडची तिकिटं कमी आणि परदेशी फार.

आम्हाला सगळ्यात पसंत असलेला उपाय वेगळाच आहे. दोन शाळांनी एकमेकींना पत्रं लिहायची. चोपड्याच्या पोरांनी शहाद्याच्या पोरांना, त्यांनी उलट इकडे. पोस्टाच्या काउंटरवर मात्र "यंत्राची चिठ्ठी नको, तिकीटच द्या" असं आवर्जून सांगा. वर्गाला पुरतील एवढी तिकिटं यातून मिळणार नाहीत, पण स्वतःच्या नावावर आलेलं एक तिकीट झुलीच्या मधोमध बसलं की पोरगं तो बैल कुणाला देत नाही.

कोणती तिकिटं झुलीत वापरायची नाहीत?

आधी निवड करायची, कात्री आणि गोंद नंतर. आम्ही तीन डबे करतो: राखायची, चिकटवायची, फाटकी.

राखायच्या डब्यात राजाराणीचं डोकं असलेलं कुठलंही तिकीट जातं. व्हिक्टोरिया, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज. यातली कितीतरी तिकिटं बाजारात स्वस्तच असतात, पण ती गेली की परत यायची नाहीत. संस्थानांची तिकिटंही इथेच ठेवायची. हैदराबाद आणि इंदूर संस्थानांची स्वतःची तिकिटं होती, ग्वाल्हेरच्या तिकिटांवर वरून संस्थानाचं नाव छापलेलं असायचं. खान्देशातल्या व्यापाऱ्यांचा या तिन्हीकडे राबता होता, त्यामुळे अशी पाकिटं इकडे निघाली तर नवल नाही.

स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट 21 नोव्हेंबर 1947 चं. त्यावर तिरंगा, "जयहिंद" आणि किंमत साडेतीन आणे. गांधीजींची चार तिकिटं 15 ऑगस्ट 1948 ला निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. यातलं दहा रुपयांचं हाती लागलं तर हस्तकला बाजूला ठेवा आणि जाणकाराला गाठा. थोडक्यात, आणे-पै लिहिलेलं सगळं राखायच्या डब्यात.

कोरी, शिक्का नसलेली तिकिटंही चिकटवू नका. वासाची तिकिटं आली तर तीही वेगळी काढा. चंदनाचं 2006 साली निघालं, गुलाबाची 2007 साली. ती भिजवायचीच नाहीत.

उरलेली, म्हणजे 1970 नंतरची रोजच्या वापरातली छोटी तिकिटं, बिनधास्त वापरा. ती ढिगाने छापली गेली, ढिगाने वापरली गेली. पैशाच्या हिशेबात त्यांची किंमत शून्याच्या आसपास, आणि हस्तकलेला तीच उत्तम.

पाकिटासकट ठेवावं असं काही असतं का?

असतं, आणि खान्देशात तर हमखास असतं. 1906 साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. आजच्या जळगावकडचा पूर्व खान्देश, धुळ्याकडचा पश्चिम खान्देश. पत्त्यात किंवा शिक्क्यात ही नावं असलेलं पाकीट आजही एखाद्या घरात निघतं. त्यावरचं तिकीट अगदी साधं असलं तरी सोडवू नका, पाकीट अख्खं ठेवा. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला. त्याआधीच्या पत्त्यात "नंदुरबार, जि. धुळे" असं दिसेल, तेही पोरांना दाखवण्यासारखं आहे.

पोस्टकार्डावर तिकीट छापलेलंच असतं. तो चौकोन कापून घेण्याचा मोह पोरांना होतो. कापू देऊ नका, कार्ड संपूर्ण ठेवा.

पाकिटावरून तिकीट सोडवायचं कसं?

ओढून नाही. कडेला नख घालूनही नाही. पाकिटाचा तेवढा तुकडा कापा, तिकिटाभोवती बोटभर कागद सोडून. तिकिटाच्या कडेचे दाते शाबूत राहिले पाहिजेत. एका पसरट ताटलीत साधं पाणी घ्या आणि तुकडा चित्र वर करून पाण्यावर सोडा. एका वेळी दहा-बारा तुकडे पुरे. जास्त टाकले की एकमेकांवर चढतात आणि सुटलेलं तिकीट दुसऱ्याच्या पाठीला चिकटतं.

मग थांबायचं. वीस मिनिटं, कधी अर्धा तास. ताटलीकडे बघत बसलेल्या पोरांना आधी काही दिसत नाही. हळूहळू तिकिटाची एक कड वर येते, खालचा कागद फुगून गडद होतो, आणि बोटाने जरा ढकललं की तिकीट कागदावरून घसरतं. हातावर घ्या, पाठीमागून अंगठा फिरवा. शेवाळावर फिरवल्यासारखा बुळबुळीत गोंद लागेल. तो दुसऱ्या ताटलीतल्या स्वच्छ पाण्यात धुऊन काढायचा. हे दुसरं पाणी बरेच जण टाळतात आणि मग वाळलेलं तिकीट खालच्या कागदाला पुन्हा घट्ट बसतं.

तिकीट अजून धरून ठेवतंय असं वाटलं तर तिकीट ओढू नका, तिकीट पालथं करून त्याच्या पाठीवरचा कागद ओढा. फाटलाच तर कागद फाटेल.

ओलं तिकीट काळ्या फरशीवर पालथं ठेवून बघा. जुन्या काही तिकिटांच्या कागदात अशोकस्तंभाच्या सिंहांची पुसट खूण असते, ती ओल्यावर उमटलेली दिसू शकते. पोरं त्यासाठी पुढची सगळी तिकिटं फरशीवर मांडतात. मांडू द्या.

पाणी बोअरचं चालेल का?

भिजवायला चालेल. शेवटची धुवणी मात्र नळाच्या किंवा पिण्याच्या पाण्यात करा. जड पाण्याने गडद रंगाच्या तिकिटावर वाळल्यावर पांढुरकी झाक येते.

काही तिकिटं सुटतच नाहीत, त्यांचं काय?

बहुधा ती मागच्या गोंदावर नाही, फेविकॉलने किंवा पोस्टातल्या डिंकाच्या बाटलीने चिकटवलेली असतात. कोमट पाण्यात तासभर ठेवून बघा. तरी हलली नाहीत तर कागदासकट दात्यांच्या कडेने कापा आणि तशीच झुलीत लावा. थोडी जाड बसतील, एवढंच.

पाणी लाल-जांभळं झालं आणि सगळी तिकिटं डागाळली. असं का?

लाल, केशरी आणि गुलाबी पाकिटांचा रंग पाण्यात सुटतो. शुभेच्छापत्रांच्या आणि आहेराच्या पाकिटांचा तर हमखास. ऑफिसातल्या जांभळ्या शिक्क्याची शाईही पसरते. अशी पाकिटं वेगळ्या ताटलीत, गार पाण्यात चिमूटभर मीठ घालून, एकेक करून भिजवा आणि सुटल्याबरोबर बाहेर काढा. डागाळलेलं तिकीट फाटक्याच्या डब्यात टाका. बैलाच्या काठाला लाल डाग उलट शोभतो.

वाळवायचं कसं?

उन्हात नको. मे महिन्यात भुसावळचा पारा 44-45 अंशांवर असतो, आणि अंगणात ठेवलेलं तिकीट पाच मिनिटांत पापडासारखं वळतं. घरात, पंखा बंद करून, जुन्या सुती धोतरावर किंवा कोऱ्या कागदावर चित्र खाली करून पसरा. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई ओल्या तिकिटाला लागते.

पूर्ण वाळायच्या आधी, हाताला अजून गार लागतंय तोवर, तिकिटं दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वजनाखाली ठेवा. जाड पुस्तक चालतं, पण घरात पाटा असेल तर त्याच्या तोडीचं काही नाही. रात्रभरात तिकीट इस्त्री केल्यासारखं सपाट होतं. मात्र पाटा आधी धुऊन कोरडा करा. मिरचीच्या ठेच्याचा वास तिकिटाला लागला तर तो जाता जात नाही.

पावसाळ्यात एक रात्र पुरत नाही, कागद बदलून दुसरी रात्र ठेवा.

चिकटवायला काय वापरावं?

फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून पातळ केलं की काम होतं. आमचा कल मात्र मैद्याच्या खळीकडे आहे. ती घरी होते, बोटाला लागली तर धुतली जाते, आणि तिकीट वाकडं बसलं तर ओलं करून परत काढता येतं.

मोठे दोन चमचे मैदा कपभर गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. मंद आचेवर सतत ढवळा. पांढरेपणा जाऊन मिश्रण जरा पारदर्शक दिसायला लागलं, चमच्यावरून जाडसर ओघळायला लागलं की उतरवा. गार झाल्यावर वापरा आणि उरलेली दुसऱ्या दिवशी टाकून द्या. भिंतीवर पोस्टर चिकटवणारे लोक किडा लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. मुलांच्या खळीत तो अजिबात नको, विषारी असतो.

बाभळीचा किंवा निंबाचा डिंक गोळा करून आणणारी पोरं असतील तर तो रात्रभर पाण्यात भिजवून गाळून घ्या. डिंक चांगला चिकटतो, पण वाळल्यावर तडकतो, म्हणून घडीच्या जागी लावू नका.

बैल आणि झूल, सगळं नीट सांगाल का?

बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. लग्नपत्रिकेच्या कागदाचा बैल उभा राहत नाही. पुठ्ठा मधोमध दुमडून घडी वर ठेवा आणि बैलाची पाठ त्या घडीवर येईल असं चित्र काढा. लांबी साधारण 25 सेंटिमीटर, उंची 18. दोन्ही पदर एकदम कापले की चार पायांवर उभा राहणारा बैल तयार. पाय रुंद ठेवा. बारीक पायांचे बैल दुपारपर्यंत बसतात. वशिंडासाठी वेगळा तुकडा कापून घडीत खोचा. शिंगंही वेगळीच लावा आणि जरा मोठीच लावा. खान्देशातल्या पोरांना छोट्या शिंगांचा बैल पटत नाही.

आता झूल. रोजच्या वापरातलं छोटं उभं तिकीट दात्यांसकट सुमारे 2 सेंटिमीटर रुंद आणि 2.4 सेंटिमीटर उंच असतं. त्या हिशेबाने 10 सेंटिमीटर रुंद आणि 20 सेंटिमीटर लांब असा जाडसर कागद घ्या. मधोमध 1 सेंटिमीटरची पट्टी कोरी सोडा, ती पाठीवर येते. तिथे तिकीट लावलं तर घडीवर मोडतं. पट्टीच्या दोन्ही बाजूंना पाच उभ्या ओळी, प्रत्येकीत चार तिकिटं. एका बाजूला 20, दोन्ही मिळून 40. दाते एकमेकांवर किंचित चढवले की कागद मधून दिसत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दिशेचा. कागद टेबलावर सपाट असताना पोरं सगळी तिकिटं एकाच तोंडाने लावतात, आणि झूल पाठीवर टाकली की एका बाजूची चित्रं उलटी होतात. म्हणून सुरुवात मधल्या पट्टीपासून करायची. दोन्हीकडच्या तिकिटांचं डोकं पट्टीकडे, पाय बाहेरच्या काठाकडे.

गोंद लावण्याआधी सगळी मांडणी कोरडी करा. खरी मजा इथेच आहे, घाई करू नका. कुणी रंगाने लावतं, कुणी किमतीने चढती. आम्हाला आवडते ती विषयाने केलेली मांडणी. 1980 च्या आसपासच्या नेहमीच्या तिकिटांत शेतीभातीची चित्रं भरपूर आहेत: 5 पैशांचा मासा, 25 पैशांचं कोंबडीपालन, 50 पैशांचं दुभतं जनावर, 2 रुपयांचं विणकाम, आणि 1 रुपयाचं कापसाचं झाड. कापसाच्या मुलखातल्या बैलाच्या झुलीवर मधोमध कापसाचं तिकीट! पोरांना हे सांगावं लागत नाही, बोंड ओळखू आलं की हात आपोआप तिकडे जातो.

खळ तिकिटाच्या पाठीला कडेपर्यंत पातळ लावा. कोपरे कोरडे राहिले तर आठवड्यात वर येतात. स्वच्छ फडक्याने मधून बाहेर दाबा. झूल पूर्ण भरली की कोऱ्या कागदाखाली, पाट्याखाली, रात्रभर. पाठीवर टाकायची ती दुसऱ्या दिवशी.

शेवटी साज. शिंगांना बेगड, सुतळीची मोरकी, लोकरीचे गोंडे, मिळालं तर घुंगरू. झुलीच्या काठाला फाटक्या तिकिटांच्या दातेरी पट्ट्या कापून लावा. दात्यांची ती किनार विकतच्या लेसपेक्षा उठून दिसते.

गांधीजींचं किंवा बाबासाहेबांचं तिकीट बैलाच्या पाठीवर लावलं तर चालेल का?

कुणा ना कुणा पालकाचा हा प्रश्न असतोच, आणि तो रास्त आहे. आम्ही थोर माणसांची, देवदेवतांची आणि तिरंग्याची तिकिटं झुलीत घेत नाही. ती वेगळ्या पुठ्ठ्यावर लावून पोराच्या अभ्यासाच्या जागेवर टांगतो. पोळ्याच्या दिवशी बैल हातोहात फिरतो, पडतो, एखादा पोरगा त्यावर पाणीही ओततो. उगाच कुणाचं मन का दुखवा? कात्री तर अशा तिकिटांवर चालवायचीच नाही.

आणे आणि पै म्हणजे किती? पोरं विचारतात.

16 आण्यांचा रुपया, 4 जुन्या पैशांचा आणा, 3 पैंचा जुना पैसा. म्हणजे रुपयाला 64 पैसे किंवा 192 पै. शंभर पैशांचा रुपया 1 एप्रिल 1957 पासून. काही वर्षं त्याला "नया पैसा" म्हणत आणि तिकिटांवरही तसंच छापत. अजिंठ्याचा हत्ती असलेलं 3 पैंचं तिकीट 15 ऑगस्ट 1949 ला निघालं, म्हणजे एका जुन्या पैशाचं तिकीट. अजिंठा जळगावपासून तासा-दीड तासावर. ते तिकीट निघालं तर राखायच्या डब्यात, पण आधी सगळ्या वर्गात फिरवा.

तिकिटावर वाचण्यासारखं असतं काय?

आधी शिक्का वाचा. गोल शिक्क्यात गावाचं नाव आणि तारीख असते. अर्धा शिक्का तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर असतो, म्हणून भिजवण्याआधी वाचा आणि पाकिटावर दुसरा, पोचल्याचा शिक्का आहे का तेही बघा. दोन तारखांमधले दिवस मोजले की पत्राचा प्रवास कळतो. "आरएमएस" असं दिसलं तर पत्र रेल्वेच्या टपाल सेवेतून गेलंय. भुसावळसारख्या जंक्शनच्या पोरांना हे लगेच आपलं वाटतं.

पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून आला. पत्त्यात पिन नसेल तर पाकीट त्याआधीचं असू शकतं. अर्थात पिन न लिहिणारे लोक आजही आहेत. जळगाव 425001, धुळे 424001, नंदुरबार 425412. पोरांना आपल्या गावाचा पिन तोंडपाठ नसतो, या निमित्ताने होऊन जातो.

1971 च्या शेवटाच्या पाकिटांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी 5 पैशांचं जास्तीचं तिकीट दिसतं, त्यावर निर्वासितांच्या मदतीची छपाई असते. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी प्रत्येक पत्रावर ते लावावं लागे. हे तिकीट आजीला दाखवा. "हाई काय शे रे?" म्हणत ती चष्मा शोधेल, आणि त्या सालच्या गोष्टी सांगायला लागली की हस्तकला अर्धा तास थांबेल. थांबू द्या.

लहान मुलांसाठी बैलापेक्षा सोपं काही?

एकच तिकीट कोऱ्या कागदाच्या मधोमध चिकटवायचं आणि चित्र तिकिटाबाहेर वाढवायचं. कोंबडीच्या तिकिटाभोवती अंगण, उकिरडा, बाज, मांजर. पुलाच्या तिकिटाखाली तापी. रेल्वे इंजिनाला मागे हवे तेवढे डबे. पहिली-दुसरीला यासारखा दुसरा उपक्रम नाही. तिकिटं कमी लागतात, गोंद कमी लागतो, आणि शंभर टक्के पोरांचं चित्र वेगळं येतं. फक्त तिकिटाच्या रंगाशी जुळणारे खडू हाताशी ठेवा.

वापरलेलं तिकीट असं वापरणं कायद्यात बसतं का?

शिक्का बसलेल्या तिकिटाचं टपालमूल्य संपलेलं असतं, ते पुठ्ठ्यावर चिकटवायला हरकत नाही. शिक्का पुसून तेच तिकीट पुन्हा पत्रावर लावणं हा मात्र गुन्हा आहे. शिक्का न बसलेलं तिकीट पाकिटावर आलं की "हे परत लावू या" अशी अक्कल एखादा पोरगा काढतोच, तेव्हा हे सांगून ठेवा. तिकिटांच्या हुबेहूब रंगीत झेरॉक्स काढून झूल भरू नका. सरकारी तिकिटाची नक्कल हा खेळ नव्हे, आणि झेरॉक्सला दातेही नसतात.

ही तिकिटं छापतात कुठं?

आपल्या शेजारीच, नाशिकरोडला. 1926 पासून तिथल्या छापखान्यात भारताची तिकिटं छापली जातात. त्याआधी अनेक वर्षं ती लंडनहून छापून येत. आता हैदराबादलाही छपाई होते. आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट 1852 साली सिंध प्रांतात निघालं, आणि सगळ्या हिंदुस्थानासाठी 1854 मध्ये.

बैल पुढच्या पोळ्यापर्यंत टिकेल का?

खळीला कसर लागते, तेव्हा उघड्यावर नाही टिकणार. झूल काढून सपाट करा, कोऱ्या कागदात गुंडाळा आणि वाळलेल्या निंबाच्या पाल्यासोबत डब्यात ठेवा. लॅमिनेशन करू नका, उष्णतेने तिकिटांचे रंग आणि खळ दोन्हीची वाट लागते.

पोराला आता संग्रहच करायचा आहे. पुढं काय?

राखायचा डबा त्याच्या नावावर करा. तिकिटं वहीत चिकटवू नका, पारदर्शक पट्ट्यांचा अल्बम घ्या आणि हाताळायला बोथट टोकाचा चिमटा. नवी तिकिटं हवी असतील तर मुख्य पोस्ट ऑफिसात चौकशी करून 200 रुपये भरून फिलाटेली (तिकीटसंग्रह) डिपॉझिट खातं उघडता येतं. सहावी ते नववीच्या मुलांसाठी टपाल खात्याची दीनदयाल स्पर्श योजना आहे, निवड झाली तर वर्षाला 6000 रुपये शिष्यवृत्ती मिळते. त्यासाठी शाळेत फिलाटेली क्लब किंवा मुलाचं स्वतःचं खातं लागतं, परीक्षा आणि प्रकल्पही असतो. क्लब काढायला शिक्षकांनी पोस्टमास्तरांशी बोलावं.

तिकिटं काढल्यावर उरलेल्या पाकिटांचं काय करायचं?

नाव-पत्ता असलेला भाग फाडून टाका, लोकांचे पत्ते रद्दीत जाऊ देऊ नका. बाकीची पाकिटं उलटून पुन्हा चिकटवली की आतली कोरी बाजू बाहेर येते. पुढच्या वर्षीची तिकिटं त्यातच ठेवा, वर विषय लिहून: शेती, पक्षी, रेल्वे, फाटकी. भिजवलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, त्यातल्या लगद्याने जाळी तुंबते. फडक्यातून गाळा आणि मग ओता.